जुन्या कार्डाचे देणे नव्या कार्डावर : बॅलन्स ट्रान्सफरचा हिशेब

सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० मध्ये क्रेडिट कार्ड सुरू केले, तेव्हा ही सोय मोठ्या शहरांतील मोजक्या ग्राहकांपुरती मर्यादित होती. २०२४ च्या प्रारंभी देशातील क्रेडिट कार्डांची संख्या दहा कोटींच्या पुढे गेली. आज तालुक्याच्या गावी राहणारा शिक्षक, जिल्हा परिषदेतील लिपिक किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिका यांच्या खिशातही एखादे कार्ड असते; काहींच्या खिशात तीन-चार असतात. वेतन ज्याच्या खात्यात दरमहा ठरलेल्या वेळी जमा होते, असा ग्राहक बँकांना हवाच असतो.

कार्डावरील खर्चाचे कारण बहुधा चैनीचे नसते. घरातील आजारपण, मुलाचा महाविद्यालयातील प्रवेश, बहिणीचे लग्न, दिवाळीची खरेदी अशा निमित्ताने एकदम मोठी रक्कम खर्ची पडते आणि पुढील बिल पूर्ण भरणे शक्य होत नाही. ‘पगार झाला की भरू’ असे म्हणता म्हणता वर्ष लोटते. नेमक्या अशा वेळी दुसऱ्या एखाद्या बँकेचा दूरध्वनी येतो. “तुमच्या जुन्या कार्डाचे देणे आम्ही भरतो, तुम्ही ते आम्हांला कमी व्याजाने, हप्त्याहप्त्याने फेडा,” अशी ती सूचना असते. या व्यवहारास बॅलन्स ट्रान्सफर, म्हणजेच थकबाकीचे हस्तांतर, असे म्हणतात. हा व्यवहार कोणाच्या हिताचा ठरतो आणि कोणाला तो आणखी खोल पाण्यात नेतो, हे आकडेमोड केल्याखेरीज सांगता येत नाही.

देणे वाढते ते कसे?

क्रेडिट कार्डाचे बिल मुदतीत पूर्ण भरले तर खरेदीवर व्याज लागत नाही. बिलातील थोडी रक्कम जरी बाकी राहिली, तरी ही बिनव्याजी मुदत संपुष्टात येते आणि नव्या खरेदीवरही खरेदीच्या दिवसापासून व्याज सुरू होते. कार्डावर रोख रक्कम काढली असेल, तर तिला बिनव्याजी मुदत मुळातच मिळत नाही. व्याजाचा दर बहुतेक कार्डांवर दरमहा तीन ते पावणेचार टक्के असा असतो. दरमहा साडेतीन टक्के ऐकावयास लहान वाटतात. पण वर्षाचे ते बेचाळीस टक्के होतात. शिवाय क्रेडिट कार्डाच्या व्याजावर १८ टक्के वस्तू व सेवा कर द्यावा लागतो. बँकेच्या अन्य कर्जांच्या व्याजावर हा कर नाही, याची कल्पना फार थोड्या कार्डधारकांना असते. कर धरून साडेतीन टक्क्यांचा दर प्रत्यक्षात दरमहा ४.१३ टक्के एवढा पडतो.

या व्याजास कायद्याने ठरविलेली कमाल मर्यादा आज अस्तित्वात नाही. राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने २००८ मध्ये, वार्षिक तीस टक्क्यांहून अधिक व्याज आकारणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय, असा निर्णय दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द ठरविला. त्यामुळे दर ठरविणे बँकांच्या हाती आहे व तो पाहून घेणे ग्राहकाच्या.

बिलावर ‘किमान देय रक्कम’ असा एक आकडा छापलेला असतो. तो भरला की विलंब आकार लागत नाही, खाते नियमित राहते आणि देणे फेडत असल्याचे समाधानही मिळते. हे समाधान फसवे आहे. केवळ किमान रक्कम भरत राहिल्यास परतफेड महिनोन्‌महिने, किंबहुना वर्षानुवर्षे लांबते व व्याजावर व्याज चढते, असा इशारा बिलावर देण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने बँकांवर घातले आहे ते याचसाठी.

ऐंशी हजारांचा हिशेब

एका माध्यमिक शिक्षकाच्या कार्डावर ८०,००० रुपये थकले आहेत, असे धरू या. दर दरमहा साडेतीन टक्के, त्यावर कर. नवी खरेदी त्याने पूर्णपणे थांबविली आहे, असेही गृहीत धरले आहे. कारण ती चालू राहिल्यास पुढील कोणताच हिशेब जुळणार नाही.

पहिल्या महिन्याचे व्याज २,८०० रुपये आणि त्यावरील कर ५०४ रुपये, असे एकूण ३,३०४ रुपये होतात. शिक्षक दरमहा ४,००० रुपये भरतो. त्यांतील केवळ ६९६ रुपये मुद्दलात जमा होतात. या गतीने देणे फिटण्यास ४४ महिने लागतात आणि ८०,००० रुपयांपोटी सुमारे १,७३,००० रुपये भरावे लागतात. म्हणजे मुद्दलाहून अधिक रक्कम व्याजात व करात जाते.

आता दुसऱ्या बँकेचा प्रस्ताव पाहू. ती बँक ८०,००० रुपयांचे देणे आपल्या कार्डावर घेते. मुदत बारा महिने, व्याज घटत्या शिलकीवर दरमहा दीड टक्का आणि प्रक्रिया शुल्क दोन टक्के. (हे दर उदाहरणादाखल आहेत, प्रत्येक बँकेचे दर वेगळे असतात व वेळोवेळी बदलतात.) हप्ता सुमारे ७,३३४ रुपये येतो. वर्षभराचे व्याज सुमारे ८,०१३ रुपये, त्यावरील कर १,४४२ रुपये, प्रक्रिया शुल्क करासह १,८८८ रुपये. एकूण जादा खर्च सुमारे ११,३४० रुपये. त्र्याण्णव हजारांच्या जागी साडेअकरा हजारांहूनही कमी! हा फरक पाहून कोणीही हस्तांतराच्या अर्जावर तत्काळ सही करील.

परंतु येथे क्षणभर थांबावयास हवे. पहिल्या हिशेबात शिक्षक दरमहा ४,००० रुपये भरत होता, दुसऱ्यात त्याला कर धरून साधारणतः साडेसात हजार रुपये भरावे लागतात. दोहोंची तुलना करताना ही गोष्ट सहज नजरेआड होते. हेच साडेसात हजार त्याने जुन्याच कार्डावर, जुन्याच दराने भरले असते तर? देणे पंधरा महिन्यांत फिटले असते व एकूण सुमारे १,०७,७०० रुपये गेले असते. जादा खर्च त्र्याण्णव हजारांवरून एकदम २७,७०० रुपयांवर आला असता. तेव्हा बचतीचा मोठा वाटा, सुमारे ६५,००० रुपये, केवळ हप्ता वाढविल्याने पदरात पडतो. हस्तांतराने त्यात सुमारे १६,३०० रुपयांची भर पडते. सोळा हजार ही काही क्षुल्लक रक्कम नव्हे. पण हस्तांतराच्या जाहिरातीत जे श्रेय त्या योजनेला दिलेले असते, त्यातील बरेचसे कार्डधारकाने स्वतः वाढविलेल्या हप्त्याचे असते.

यावरून निवडीची पहिली कसोटी हाती येते. ज्याला साडेसात हजारांचा हप्ता बारा महिने न चुकता भरता येईल, त्याला हस्तांतर लाभदायक आहे. ज्याची कुवत चार हजारांचीच आहे, त्याने साडेसात हजारांचा हप्ता स्वीकारला तर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात तो चुकणार आणि चुकलेला हप्ता नव्या कार्डाच्या बिलात जाऊन त्यावर तेथील नेहमीचा चढा दर लागणार. मुदत चोवीस महिन्यांची मिळते का, हे अशा ग्राहकाने आधी विचारावे. व्याज थोडे अधिक पडेल, पण हप्ता पेलेल.

‘शून्य टक्के’ आणि सरळ व्याज

हस्तांतराचा दर सांगताना तो घटत्या शिलकीवर आहे की मूळ रकमेवर, हे काही वेळा मोघम ठेवले जाते. दोहोंत मोठे अंतर आहे. वरच्याच उदाहरणात दीड टक्का जर अखेरपर्यंत मूळ ८०,००० रुपयांवर धरला, तर वर्षाचे व्याज १४,४०० रुपये होते. घटत्या शिलकीच्या भाषेत तो दर दीड टक्का राहत नाही. दरमहा सुमारे २.६४ टक्के होतो. म्हणून दर विचारण्यापेक्षा, ‘सर्व शुल्क आणि कर धरून बारा महिन्यांत माझ्याकडून एकूण किती रुपये घेतले जातील?’ हा प्रश्न विचारणे अधिक उपयोगाचे ठरते. उत्तर तोंडी न घेता लेखी घ्यावे.

काही प्रस्तावांत ‘शून्य टक्के व्याज’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते. अशी सवलत पुष्कळदा दोन-तीन महिन्यांपुरती असते व तीनंतर नेहमीचा दर सुरू होतो. किंवा व्याजाची भरपाई प्रक्रिया शुल्कातून केलेली असते. शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही, व्याजाचा भाग अनेकदा शुल्काच्या रूपाने घेतला जातो, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मधील परिपत्रकात बँकांना बजावले होते. कार्डावरील खर्चाचे हप्ते पाडून देताना मुद्दल, व्याज व सवलत ही वेगवेगळी दाखवावीत आणि व्याज असलेल्या योजनेस बिनव्याजी म्हणून भासवू नये, असे २१ एप्रिल २०२२ च्या निर्देशांतही नमूद आहे. अमेरिकेत बारा ते एकवीस महिने शून्य टक्के व्याजाची हस्तांतरे मिळतात, हे तेथे स्थायिक झालेल्या नातलगांकडून ऐकलेले असते. ते खरे आहे. पण तेथेही बहुधा तीन ते पाच टक्के शुल्क आरंभीच घेतले जाते, आणि मुदतीत न फिटलेल्या रकमेवर पुढे पूर्ण दराने व्याज लागते. त्या देशातील अटी मनात धरून येथील प्रस्ताव स्वीकारणे योग्य नव्हे.

पतपेढीचा मार्ग

चढ्या व्याजाचे देणे हलक्या व्याजाच्या कर्जाने फेडणे ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. सावकाराकडे अडकलेली जमीन सोडविण्यासाठी आणि जुनी देणी भागविण्यासाठी शेतकऱ्यांना दीर्घ मुदतीची कर्जे देणाऱ्या भूतारण बँका स्वातंत्र्यापूर्वीच मुंबई इलाख्यात स्थापन झाल्या होत्या. पुढे त्याच भूविकास बँका म्हणून ओळखल्या गेल्या. क्रेडिट कार्डाचे हस्तांतर हे तत्त्वतः तेच आहे. फरक इतकाच की, येथे देणे एका व्यापारी संस्थेकडून दुसऱ्या व्यापारी संस्थेकडे जाते.

वेतनदारांना मात्र आणखी एक मार्ग उपलब्ध असतो व तो बहुतेकांच्या हाताशीच असतो. शिक्षकांच्या, जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांच्या आणि अन्य शासकीय सेवकांच्या सहकारी पतसंस्था राज्यात सर्वत्र आहेत. वरील शिक्षकाने आपल्या पतपेढीतून ८०,००० रुपये वार्षिक बारा टक्के दराने, चोवीस महिन्यांच्या मुदतीने घेतले असे मानल्यास, हप्ता सुमारे ३,७६६ रुपये येतो. एकूण व्याज सुमारे १०,४०० रुपये. या व्याजावर वस्तू व सेवा कर नाही. म्हणजे ज्या चार हजार रुपयांत जुन्या कार्डाचे देणे फिटण्यास ४४ महिने लागत होते, त्याहून कमी हप्त्यात ते दोन वर्षांत फिटते, आणि खर्च बारा महिन्यांच्या हस्तांतराहूनही थोडा कमीच येतो. दूरध्वनीवरून येणाऱ्या प्रस्तावांच्या गर्दीत हा मार्ग अनेकांना आठवत नाही, ही आश्चर्याची गोष्ट होय.

पतपेढीच्या कर्जाच्या अटी वेगळ्या असतात. कर्जातून काही रक्कम भागभांडवलासाठी कापून घेतली जाते. ती बुडत नाही, पण हाती येणारी रक्कम तेवढी कमी होते. जामीनदार द्यावे लागतात व ते बहुधा सहकारीच असतात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ अन्वये सभासदाने करार करून दिल्यास हप्ता वेतनातून परस्पर कापला जातो. काहींना ही कपात जाचक वाटते. प्रत्यक्षात तीच या कर्जाची जमेची बाजू आहे, कारण हप्ता चुकण्याचा प्रश्नच उरत नाही. जामीनदार होणाऱ्याने मात्र कर्जदाराची इतर कार्डांवरील देणी किती आहेत हे स्पष्टपणे विचारून घ्यावे. त्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. कर्जदाराने हात वर केले तर वसुली जामीनदाराकडून होते.

पतपेढीप्रमाणेच भविष्य निर्वाह निधीतील अग्रिम, सोनेतारण कर्ज किंवा बँकेचे वैयक्तिक कर्ज यांचाही विचार करता येतो. वैयक्तिक कर्जाचे व्याज साधारणपणे कार्डाच्या व्याजाच्या निम्म्याहून कमी असते. सोने गहाण ठेवून कार्डाचे देणे फेडणे घरातील स्त्रियांना रुचत नाही आणि त्यांची शंका बहुधा रास्त असते : कार्ड पुन्हा वापरले गेले, तर दागिनेही जातात आणि देणेही राहते.

हस्तांतर कोणी करू नये?

ज्याचे हप्ते आधीच चुकले आहेत, त्याला नवी बँक हस्तांतर देण्यास सहसा तयार होत नाही. सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्यांकडे प्रत्येक कर्जदाराची नोंद असते व अर्ज आल्यावर बँक ती पाहते. पाठोपाठ चार बँकांकडे अर्ज केले, तर त्या चौकशांचीही नोंद होते. अर्ज करण्यापूर्वी आपला पतअहवाल स्वतः पाहून घ्यावा. तो प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा विनामूल्य मिळतो.

ज्याने एकदा हस्तांतर केले आणि वर्षभरातच जुन्या कार्डावर पुन्हा देणे केले, त्याने दुसऱ्यांदा हा मार्ग धरू नये. हस्तांतराने जुन्या कार्डाची मर्यादा मोकळी होते आणि हीच या व्यवहारातील सर्वांत घातक जागा आहे. ऐंशी हजारांचे देणे नव्या कार्डावर गेले, जुन्यावर ऐंशी हजारांची उसनवारीची मुभा पुन्हा मिळाली. सणासुदीला ती वापरली गेली की देणे दीड लाखाच्या पुढे जाते. नव्या कार्डावरही खरेदी करू नये. हस्तांतरित रकमेमुळे तेथील मर्यादा आधीच व्यापलेली असते आणि त्या कार्डाच्या बिलात बाकी राहिल्यास नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळेलच असे नाही.

शासकीय सेवकाच्या बाबतीत हा केवळ घरगुती प्रश्न राहत नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ अन्वये त्याने कर्जबाजारीपणाची सवय टाळावी, अशी अपेक्षा आहे. वसुलीचे दूरध्वनी शाळेत किंवा कचेरीत येऊ लागले की, त्या माणसाची मान खाली जाते, त्याचे कामात लक्ष लागत नाही आणि ही गोष्ट तो घरीही सांगत नाही. अशा सहकाऱ्यास मुख्याध्यापकांनी वा कार्यालयप्रमुखांनी दोष देत बसण्यापेक्षा त्याला पतपेढीच्या सचिवासमोर नेऊन बसविले, तर अधिक काम होईल.

जुने कार्ड बंद करताना

हस्तांतराची रक्कम नवी बँक जुन्या कार्डाच्या खात्यात भरते. ती जमा होईपर्यंत जुन्या कार्डाचे बिल मुदतीत भरण्याची जबाबदारी कार्डधारकाचीच असते. रक्कम जमा झाल्यानंतरही पुढील बिलात काही शे रुपयांचे व्याज दिसते. ते शेवटच्या बिलाच्या तारखेपासून रक्कम भरल्याच्या दिवसापर्यंतचे असते. ते न भरता सोडल्यास त्यावर विलंब आकार चढतो व पतअहवालात थकबाकीदार म्हणून नोंद होऊ शकते. खाते तीन दिवसांहून अधिक थकल्याखेरीज अशी नोंद करता येत नाही आणि विलंब आकार फक्त मुदतीनंतर बाकी राहिलेल्या रकमेवरच घेता येतो, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत.

सर्व देणे फिटल्यावर कार्ड बंद करण्याची लेखी विनंती करावी. बँकेने ती सात कामकाजाच्या दिवसांत अमलात आणली पाहिजे. बाकी काही नसताना विलंब केल्यास, प्रत्येक दिवसामागे ५०० रुपये ग्राहकास द्यावेत, असा नियम आहे. वसुली प्रतिनिधींनी सकाळी आठपूर्वी व सायंकाळी सातनंतर दूरध्वनी करू नयेत, असे ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट करण्यात आले आहे. कर्जदाराच्या नातलगांना किंवा सहकाऱ्यांना त्रास देण्यासही मनाई आहे.

हस्तांतराचा दर सांगितल्याप्रमाणे लागला नाही, न मागता कार्ड पाठविले गेले किंवा बंद करण्यास सांगितलेले कार्ड चालूच राहिले, तर प्रथम त्या बँकेकडे लेखी तक्रार करून तिचा क्रमांक घ्यावा. तीस दिवसांत उत्तर आले नाही अथवा आलेले उत्तर समाधानकारक नसले, तर रिझर्व्ह बँकेच्या २०२१ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली दाद मागता येते. त्यासाठी शुल्क पडत नाही व वकिलाचीही गरज नसते. तक्रारीसोबत बँकेला पाठविलेल्या पत्राची प्रत, संबंधित महिन्यांची बिले आणि हस्तांतराचा दर व शुल्क नमूद असलेला लेखी प्रस्ताव जोडावा.